बर्व्याचं सुमिरे

बर्व्या, परवा पुण्याहून परत आलो. बॅग दारातच ठेवली, बूट काढले आणि आधी बाल्कनीत गेलो. तुझ्या कुंडीत रोपं आली आहेत. मी मोजली नाहीत; तू असतास तर मोजली असतीस. दोन-दोन पानांची आहेत, मेथी उगवते तशी, पण मेथीच्या मानाने फारच बारीक. मंगल म्हणाली, तुम्ही पुण्यात होतात तेव्हाच वर आली, मी रोज सकाळी फवाऱ्याने पाणी मारते आहे. "भाऊजी असते तर," एवढंच पुढे म्हणाली आणि आत जाऊन तिने कुकर लावला.

मेलेल्या माणसाशी बोलणं मला पटत नाही, हे तुला माहीत आहे. माझे वडील गेले तेव्हा घरातले सगळे फोटोशी बोलायचे, आणि मला त्याचा वैताग यायचा. पण तुझं-माझं भांडण अर्धवट राहिलंय आणि ते दुसऱ्या कुणाशी पुरं करता येत नाही. म्हणून हे लिहितोय. आठवण येते, नाही असं नाही. सध्या तरी राग जास्त येतो.

आपण दोघं नागोयाला एकाच विमानाने आलो, एकाच कामावर. ब्रेकचे सुटे भाग तपासायचे, चांगला माल पुढे पाठवायचा आणि खराब माल लाल पेटीत टाकायचा. मी मंगलला घेऊन आलो, तू एकटा आलास. सुनंदावहिनींची शाळेतली नोकरी होती आणि मुग्धाचं शिक्षण होतं, त्यामुळे त्या दोघी पुण्यातच राहिल्या. तुझी खोली आमच्याच मजल्यावर, जेवण आमच्याकडे. पहिल्या वर्षी मला जपानी येत नव्हतं, तू पुण्यातच शिकून आला होतास; तेव्हा कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा इथपासून मीटिंगमध्ये केव्हा गप्प बसायचं इथपर्यंत सगळं तू शिकवलंस, आणि प्रत्येक वेळी "साठ्या, तुझं इंजिनिअरिंग कुणी पास केलं?" हेही विचारलंस. शिकवलंस त्याबद्दल आभार मानायचे राहिले. ते आता मानतो.

त्या वसंतात आपल्या घरमालकीण कातो-सान तुला एका देवळाच्या आवारात भरलेल्या डोंगरी झाडांच्या प्रदर्शनाला घेऊन गेल्या. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला सगळं गाव लोटलं होतं आणि तू एक मुठीएवढी कुंडी घेऊन आलास. उंच, अरुंद, मातीची कुंडी. तिच्यात चार पानं, पानांची खालची बाजू जांभळट, आणि एकच फूल, करंगळीच्या नखाएवढं. इकडे त्याला सुमिरे म्हणतात, म्हणजे आपलं व्हायोलेट, पण हे बागेतलं नव्हे, डोंगरउतारावरचं. मंगलने वाकून वास घेतला.

"वासच नाही हो याला."

"नाही," तू म्हणालास.

"मग देवालाही चालायचं नाही. केसात माळता येत नाही. उपयोग काय?"

"वहिनी, साठ्याला तरी कुठे वास आहे? ठेवलाच आहे ना तुम्ही."

त्यावर ती बराच वेळ हसत होती. मी हसलो नव्हतो, असं तू नंतर सगळ्यांना सांगायचास. हसलो होतो.

झाडाचं तू जे प्रस्थ मांडलंस ते बघून कातो-सानसुद्धा चकित झाल्या. त्या निवृत्त शिक्षिका, आयुष्यभर डोंगरी झाडं लावलेल्या. त्यांनी सांगितलं, माती हलकी हवी, पाणी धरून न ठेवणारी. तू पिवळी आणि तांबडी खड्याखड्यांची माती आणलीस आणि तिच्यातली धूळ काढायला मंगलची पिठाची चाळणी घेतलीस. न विचारता. कुंडी आमच्या बाल्कनीत, सकाळचं ऊन दहापर्यंत, त्यानंतर वेताचा पडदा. खत नावापुरतं. काळ्या अंगावर नारिंगी पट्टा असलेल्या अळ्या पानांवर आल्या की चॉपस्टिकने उचलायच्या. त्या तू उचलून खालच्या रानटी सुमिरेवर नेऊन सोडायचास, मारायचा नाहीस. मी म्हणालो, मोठी होऊन परत येतील. तू म्हणालास, येऊ देत, तोपर्यंत आपणही मोठे होऊ.

मग मंगलचं ताक झालं. कढीपत्त्याला आंबट ताक घालतात, तो तरारतो, हे तिच्या माहेरचं पिढीजात ज्ञान. हे झाड तिला रोडावलेलं दिसलं. तू ऑफिसात असताना तिने प्रेमाने वाटीभर ताक ओतलं, दुसऱ्या दिवशी परत ओतलं. पानं पिवळी पडली, बाल्कनीत वास सुटला, मुंग्या आल्या. तू गुडघ्यांवर बसून झाड उपटलंस, कोमट पाण्यात मुळं एकेक करून धुतलीस आणि परत लावलंस. किती चिडला होतास ते त्यावरूनच कळलं. "वहिनी, हा कढीपत्ता नव्हे," एवढंच.

"झाड ते झाड," मंगल म्हणाली. "उपाशी कसं ठेवायचं?"

"हे उपाशीच वाढतं."

काही दिवस तू जेवायला आला नाहीस. शेवटी तिने डब्यात थालीपीठं घालून मला पाठवलं. तू दार उघडलंस, डबा घेतलास, आणि "तिखट कमी आहे" असं म्हणून दारातच खायला लागलास. प्रकरण मिटलं.

पण तुझी स्वतःची चूक त्याहून मोठी होती आणि ती सांगायला मला अजूनही आवडतं. उन्हाळ्यात झाडाला नवीन कळ्या आल्या. आखूड देठाच्या, पानांखाली दडलेल्या, मातीला टेकलेल्या. तू रोज सकाळी बघायचास. एकही उघडेना. आठवडाभर वाट पाहून तू निकाल दिलास: उष्म्याने बिघडलेला माल. मग चिमटा घेऊन रोज सकाळी त्या खुडायला लागलास, आणि टाकायच्या कुठे, तर एका लाल प्लॅस्टिकच्या वाटीत. कारखान्यातली लाल पेटी तू घरी आणली होतीस. मी विचारलं, वाटी लालच कशाला? तू म्हणालास, सवयीत फरक पडला की चुका होतात.

एके दिवशी कातो-सान भाड्याच्या कामाला आल्या. त्यांनी ती वाटी पाहिली. आधी तोंडावर हात ठेवून हसल्या, मग हसायच्या थांबल्या आणि खालीच बसल्या. म्हणाल्या, "बर्वे-सान, हे बी होतं."

सुमिरेचं असंच असतं, त्यांनी सांगितलं. वसंतात फुलतं ते दिसायला. उन्हाळ्यात ज्या कळ्या येतात त्या उघडतच नाहीत. आतल्या आत, बंद असतानाच त्यांचं सगळं होतं, आणि बी बहुतेक त्यातूनच धरतं. कुंडीतलं झाड दोन-तीन वर्षांत संपतं. ते टिकवायचं तर बियांवरच. आणि तू महिनाभर रोज सकाळी चांगला माल लाल वाटीत टाकत होतास.

रविवारी तू पुण्याला फोन लावलास तेव्हा आधी मुग्धाला हेच सांगितलंस. ती तिकडून म्हणाली, "बाबा, त्याला क्लिस्टोगॅमस म्हणतात. आमच्या पुस्तकात आहे." फोन ठेवून तू म्हणालास, "कार्टीला माहीत होतं आणि विचारलं नाही म्हणून बोलली नाही. आईवर गेली आहे."

सुनंदावहिनी कमी बोलतात. त्या रविवारच्या फोनमध्ये बारा आणे तू बोलायचास, त्या तिकडून हं, हं करायच्या. "तिचं सगळं हंवर चालतं," तू म्हणायचास. "आणि हळवी आहे. सिनेमात कुणी मेलं तर रात्री जेवत नाही." मी त्यांना तेव्हा दोन-तीनदाच भेटलो होतो. तू सांगितलंस तेच खरं धरलं.

पहिल्या हिवाळ्यात झाड दिसेनासं झालं. पानं गळली, वर काही राहिलं नाही, नुसती माती. आपण पुण्याची माणसं, आपल्याकडे जे झाड दिसत नाही ते मेलेलं. तू कुंडी उचलून आत, रॉकेलच्या हीटरशेजारी ठेवलीस. कातो-सानना कळलं तेव्हा त्यांनी ती स्वतः उचलून बाहेर नेली. थंडी खाल्ल्याशिवाय हे फुलत नाही, म्हणाल्या. मंगलला ते काही पटलं नाही. बर्फ पडला की ती काचेतून कुंडीकडे बघून च्च च्च करायची. वसंतात ते उगवलं, भरपूर फुललं, आणि तू ऑफिसात बंगाली मिठाई वाटावी तसे कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातले बन वाटलेस. तपासणी विभागात कुणाला कळलं नाही कशाबद्दल.

दुसऱ्या उन्हाळ्यात तू चिमटा लपवून ठेवलास. बंद कळ्यांच्या छोट्या शेंगा झाल्या. त्या आधी मान खाली घालून असतात, पिकल्या की ताठ वर होतात, तीन फाकांत उघडतात आणि बी लांब उडवतात. उडून जाऊ नये म्हणून तू मंगलच्या चहाच्या कागदी पिशव्या कापून प्रत्येक शेंगेला टोपडं बांधलंस. खसखशीहून जराशी मोठी, तपकिरी बी मिळाली. सप्टेंबरात, ताजी असतानाच, दुसऱ्या कुंडीत पेरलीस. ती वसंतात उगवणार, मधला हिवाळा तिला लागतोच. जुनं झाड तेव्हाच मलूल झालं होतं. त्या पानगळीत गेलं ते गेलंच.

ऑक्टोबरात मंगलने तुझे डोळे पाहिले. "भाऊजी, डोळे पिवळे दिसतायत." तुझं पोट महिनाभर दुखत होतं आणि तू त्याचं खापर कँटीनवर फोडत होतास. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी तुला बाहेर बसवून मला आत बोलावलं, कारण कागदावर जवळचा माणूस म्हणून माझं नाव होतं. स्वादुपिंड, पसरलेला कर्करोग. पुढे ते म्हणाले, रुग्णाला रोगाचं नाव सांगू नका, इथे तशी पद्धत नाही, अल्सर आहे म्हणू.

खाली लॉबीत तू मशीनमधली कॅनची कॉफी घेऊन बसला होतास.

"काय म्हणतात?"

मी सांगितलं. सगळं, नावासकट. खरं सांगायचं सोडून दुसरं काही मला जमत नाही. तू उरलेली कॉफी संपवलीस, कॅन उठून बरोबर कॅनच्या खोक्यात टाकलास, बाटल्यांच्या नव्हे, आणि परत येऊन बसलास.

"बरं केलंस सांगितलंस," तू म्हणालास. "न सांगतास तर मी मेल्यावरही तुला माफ केलं नसतं." आणि मग थोड्या वेळाने, "आता सुनंदाला सांगू नकोस."

"हे कुठलं लॉजिक?"

"लॉजिक नाहीये. मुग्धाची बारावी आहे. मार्कांवर मेडिकल मिळणार की नाही ते ठरणार. पेपर संपू देत."

मी म्हणालो, मुग्धाला नको सांगूस, वहिनींना सांग. तू म्हणालास, "तिला झेपणार नाही. ती रडेल, मुग्धाला कळेल, वर्ष जाईल." मी "बघू" म्हणालो. आपल्यात बघू म्हणजे नाही, हे तुला ठाऊक होतं. तरी तू ते हो धरून चाललास.

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते संपलंच नाही. तुला परत जायचं होतं तर जाता आलं असतं. विमानात बसण्याइतका तू नाताळापर्यंत बरा होतास. कंपनीला तू सांगितलंस, उपचार इथे चांगले. वहिनींना सांगितलंस, प्रोजेक्ट लांबलं. मला सांगितलंस, बी पेरलंय, उगवलेलं बघून जातो. मी म्हणालो, बर्व्या, मला तरी थापा मारू नकोस. तू म्हणालास, ही थाप नाही, बाकीच्या दोन आहेत.

मग तू हॉस्पिटलात आणि मी रोज संध्याकाळी तुझा अहवाल घ्यायला. खरं तर अहवाल तू माझ्याकडून घ्यायचास. माती कोरडी पडली का? बोटाने बघितलंस का नुसतं वरून? बाल्कनीतच आहे ना, वहिनींनी आत तर नाही घेतली? बर्फ पडला तेव्हा तू खूश झालास. म्हणालास, आता बियांना कळेल हिवाळा झाला म्हणून. मला तुझा संताप यायचा आणि मी मुकाट्याने सांगायचो, ओल आहे, बाहेरच आहे. आज वाटतं, मला रोज तुझ्याशी बोलायला काहीतरी असावं म्हणून तू ते काम दिलं होतंस. नाहीतर मी नुसता खुर्चीत बसून राहिलो असतो.

रविवारी तू सलाइनचा स्टँड ढकलत लॉबीतल्या कार्डफोनपाशी जायचास. मी कार्ड धरून शेजारी उभा. फोनवर तू इतका मजेत बोलायचास की आजूबाजूचे लोक बघायचे. फोन ठेवला की भिंतीला टेकून उभा राहायचास. एकदा वहिनींनी माझ्याशी बोलायचं म्हटलं. "भाऊजी, ह्यांची तब्येत ठीक आहे ना? आवाज वेगळा येतो." मी म्हणालो, "वहिनी, ते त्यालाच विचारा. नीट विचारा." तू रिसीव्हर हिसकावून घेतलास, आणि खोलीत गेल्यावर माझ्याकडे पाठ करून झोपलास.

मार्चमध्ये एका दुपारी तू गेलास. मी होतो, मंगल होती. त्रास फार झाला नाही, एवढं मी सगळ्यांना सांगितलं आणि ते खरं आहे.

मुग्धाचा शेवटचा पेपर दुसऱ्या दिवशी होता. मला ते माहीत होतं. तुला जे हवं होतं तेही माहीत होतं. मी घरी आलो आणि पुण्याला फोन लावला. तिकडे सकाळच होती. वहिनींनीच उचलला.

मी सांगितलं, ऑक्टोबरपासूनचं. त्या ऐकत होत्या. हं सुद्धा म्हणाल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, "किती वाजता?" मी वेळ सांगितली. म्हणाल्या, "मुग्धा आत अभ्यास करतेय. उद्या तिचा बायोलॉजी आहे, अकरा ते दोन. आता तुम्ही इथे फोन करू नका, भाऊजी. मीच उद्या बाहेरून करीन." आणि नेहमीच्या आवाजात, मुग्धाला ऐकू जाईल अशा, "हो हो, सांगते तिला. ठेवते," म्हणून फोन ठेवला.

त्यांच्याकडे पासपोर्ट नव्हता. त्यांना विचारूनच आम्ही तुझं सगळं इथे केलं आणि मी अस्थी घेऊन पुण्याला गेलो. तुझ्या घरी पोचलो तेव्हा मुग्धा झोपली होती. वहिनींनी चहा केला आणि स्वयंपाकघरातच, ओट्याला टेकून, त्यांनी मला तो दिवस सांगितला. न विचारता. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी त्या शाळेत गेल्या नाहीत, मुग्धाला सांगितलं रजा शिल्लक होती. दोन्ही वेळचा स्वयंपाक केला आणि तिच्याबरोबर जेवल्या. संध्याकाळी पुस्तक हातात धरून तिला प्रश्न विचारले, चुकलेले परत विचारले. मुग्धा म्हणाली, रविवार नसताना बाबांचा फोन कसा? त्या म्हणाल्या, तुला बेस्ट लक द्यायला. सकाळी उठून आंघोळ केली, कुंकू लावलं, मंगळसूत्र तसंच गळ्यात, आणि मुग्धाच्या हातावर दही-साखर ठेवली. रिक्षाने सेंटरवर सोडलं आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर झाडाखाली उभ्या राहिल्या, बाकीच्या पालकांमध्ये, हातात पाण्याची बाटली घेऊन. शेजारच्या एका बाईंनी विचारलं, मिस्टर काय करतात? त्या म्हणाल्या, जपानला असतात.

घरी आल्यावर मग तिला सांगितलं, म्हणाल्या, आणि त्यांनी कप विसळला. मग माझ्याकडे पाठ असतानाच विचारलं, "ह्यांनी मला का नाही सांगितलं?"

बर्व्या, तू काय म्हणाला होतास ते मला शब्द न् शब्द पाठ आहे. तिला झेपणार नाही. ते मी त्यांना सांगितलं नाही. म्हणालो, परीक्षा संपायची वाट बघत होता. त्यांनी मान हलवली.

त्यांना नाही सांगितलं, तुला सांगतो. तिला झेपलं असतं. मुग्धा महिना-दोन महिने आजीकडे राहिली असती, वहिनींनी शाळेतून बिनपगारी रजा घेतली असती, आणि तू त्या खोलीत माझ्याशी मातीच्या ओलीबद्दल बोलत बसण्याऐवजी तुझी बायको तुझ्याशेजारी बसली असती. पासपोर्ट निघायला महिना-दीड महिना लागतो. तू ऑक्टोबरात सांगितलं असतंस तर वेळ होता.